टर्नटेबलच्या केबलचा प्लग चिरलाय: कापायचा, जोडायचा की अख्खी केबल बदलायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राच्या, मागून निघणारी केबल आतूनच जोडलेली आहे, त्यामुळे ती उपसून दुसरी लावता येत नाही. तिच्या दोन आरसीए प्लगांपैकी (मधे पिन आणि भोवती कडं असलेले ऑडिओचे प्लग) पांढरा, म्हणजे डाव्या बाजूचा, मानेपाशी चिरलाय. हात लावला की डावा आवाज जातो. सोडला की कधी परत येतो, तर कधी नुसतीच घूं अशी गुणगुण राहते. प्लग ओतीव प्लॅस्टिकचा असल्यामुळे उघडून बघता येत नाही. मग चिकटपट्टी गुंडाळून भागेल, नवा प्लग लावावा लागेल, की सगळी केबलच बदलावी लागेल?

चिकटपट्टीने भागणार नाही. आत तुटलेली तार बाहेरून आवळली तर चार दिवस टेकून राहते आणि नेमकी रेकॉर्ड रंगात आली की सुटते. ओतीव प्लग दुरुस्त होत नाही, तो कापून टाकायचा आणि त्या जागी उघडता येणारा नवा प्लग सोल्डर करायचा. बाकीची केबल धड असेल तर तिला हात लावायचं कारण नाही. सोल्डरिंगचा हात थोडाफार बसलेल्या माणसाला हे काम एका बैठकीत जमतं. पण माझ्याकडे घरी दुरुस्त करून बिघडलेले जे प्लग येतात, त्यात मधली पिन बहुतेक वेळा ठीकच असते. बाहेरच्या जाळीचा, म्हणजे शील्डचा डाग (सोल्डरचा जोड) मात्र कसातरी उरकलेला असतो. सगळं लक्ष आणि सगळी हौस मधल्या तारेवर खर्च होते. म्हणून पुढे शील्डबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

टर्नटेबलच्या बाबतीत शील्डला एवढं महत्त्व का, हे आकड्यांवरून पटकन समजतं. सीडी प्लेअरमधून २ व्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो. टर्नटेबलचं कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या कंपनातून सिग्नल काढणारा भाग, दोन जातींचं असतं. मूव्हिंग मॅग्नेट (आत चुंबक हलणारं) साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. मूव्हिंग कॉइल (आत कॉइल हलणारं) त्याच्याही दहाव्या हिश्शावर असतं, उदाहरणार्थ डेनॉन डीएल-१०३ हे कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्ट देतं. एवढासा सिग्नल कामाचा व्हावा म्हणून फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलसाठीचा मुख्य अँपच्या आधीचा अँप, तो मूव्हिंग मॅग्नेटसाठी सुमारे १०० पट आणि मूव्हिंग कॉइलसाठी १००० पटीच्या घरात वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. वाजवताना हे उलटं करावं लागतं. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वळणानुसार (म्हणजे रेकॉर्डसाठी ठरलेल्या या चढउताराच्या प्रमाणानुसार) ५० हर्ट्झचा आवाज १ किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळपास १७ डेसिबल, म्हणजे सात पट, वर उचलला जातो. विजेच्या तारांची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झलाच असते. थोडक्यात, जो आवाज आपल्याला अजिबात नको आहे त्यालाच ही यंत्रणा सगळ्यात जास्त मोठं करते. अर्धवट तुटलेल्या शील्डचा प्लग सीडी प्लेअरला वर्षानुवर्षं चालून जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण तोच टर्नटेबलला लावला तर पहिल्याच दिवशी घूं करेल.

आता कात्री उचलण्याआधी दोष खरोखर प्लगमध्येच आहे ना, याची खात्री करून घ्या. बाहेरून चीर दिसतेय म्हणून तीच गुन्हेगार असेल असं नाही.

पहिली तपासणी हत्यारांशिवाय होते. अँप बंद करा, डावा आणि उजवा प्लग अँपच्या मागे आपापसांत बदला आणि पुन्हा वाजवून बघा. दोष डाव्या स्पीकरवरून उजव्यावर गेला, तर तो टर्नटेबलच्या बाजूला आहे: केबल, आर्म (सुई धरणारा दांडा) किंवा कार्ट्रिज. डावीकडेच राहिला तर प्लगला दोष देऊ नका, अँप किंवा स्पीकर बघा.

आवाज कसा जातोय यावरूनही बरंच कळतं. एका बाजूचं गाणं गेलंय आणि बारीक गुणगुण उरलीय, तर बहुधा मधली तार तुटलेली असते. गाणं पातळ, लांबून आल्यासारखं आणि त्यावर मोठी घूं असेल, तर शील्ड सुटलंय. त्या बाजूला गाणं नाही, गुणगुणही नाही, अगदी ठार शांतता असेल, तर मधली तार शील्डला टेकून शॉर्ट झालेली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंना गाणं व्यवस्थित आहे पण गुणगुणही सारखीच आहे, तर प्लग सोडा आणि अर्थची बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूखाली घट्ट आहे का ते बघा. तिच्या टोकाचा पत्र्याचा काटा आतून तुटलेला असतो आणि वरून साबूत दिसतो. तुमच्या वर्णनात गाणं जाणं आणि घूं येणं दोन्ही आळीपाळीने आहे. म्हणजे मधली तार आणि शील्ड दोन्ही मानेपाशी तुटत आलेली आहेत, असं मी धरून चालतो.

यापुढे मल्टिमीटर हवा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज असेल तर सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे प्लग अँपमधून काढायचा, मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा, एक टोक मधल्या पिनेला आणि दुसरं बाहेरच्या कड्याला लावायचं. मीटर कार्ट्रिजच्या कॉइलचा रोध दाखवेल. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई असेल तर ४८५ ओहमच्या आसपास, ऑर्टोफोन २एम रेड असेल तर १.३ किलोओहमच्या आसपास. आकडा कुठला हे फारसं महत्त्वाचं नाही, डावा आणि उजवा जवळपास सारखे यायला हवेत. आता प्लगची मान हळूच इकडेतिकडे वाकवा. आकडा मध्येच अनंतावर उडी मारत असेल तर तार तुटलीय, शून्याजवळ कोसळत असेल तर शॉर्ट आहे. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजवर मात्र ही तपासणी करू नका. त्याच्या केसासारख्या बारीक कॉइलमधून मीटरचा प्रवाह जाऊ देणं मला पसंत नाही. तिथे हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाला बसणारा कार्ट्रिजचा धारक, काढून आर्मच्या टोकाचे चार संपर्क आणि प्लग यांच्यामध्ये कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का ते, बघायची. कार्ट्रिजच्या तारांचे रंग ठरलेले असतात: पांढरा डावा सिग्नल, निळा डावा परतीचा, लाल उजवा सिग्नल, हिरवा उजवा परतीचा.

मान वाकवूनही आकडा ढळत नसेल, तर दोन जागा नक्की तपासा. एक म्हणजे हेडशेल जिथे आर्ममध्ये बसतं तिथले चार छोटे संपर्क. त्यांच्यावर काळपट थर चढतो आणि लक्षणं हुबेहूब तुटलेल्या प्लगसारखी दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने ते पुसले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. दुसरी जागा ऑटोमॅटिक टर्नटेबलमध्ये असते. आर्म उचलताना आणि ठेवताना धप्प आवाज येऊ नये म्हणून आत एक म्यूट स्विच दोन्ही सिग्नल अर्थला टेकवतो. त्याचे पाते घाण झाले किंवा वाकले तर वाजवतानाही एक बाजू दबलेली राहते. बाहेरचे प्लग कितीही बदला, उपयोग होत नाही.

प्लग फक्त सैल असेल, म्हणजे अँपच्या सॉकेटवर डुगडुगत असेल, तर कापायचीही गरज नाही. बाहेरच्या कड्याला चिरा असतील तर त्याच्या पाकळ्या पक्कडीने अगदी किंचित आत दाबा. काळवंडला असेल तर अल्कोहोलने किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. गंज सोडवायचं तेल इथे मारू नका, ते मागे चिकट थर ठेवतं.

समजा तपासणीत मानच दोषी निघाली. टर्नटेबलचं विजेचं बटण बंद करून भागत नाही, विजेचा प्लग भिंतीतून काढा. सुईला गार्ड लावा, आर्म कुलपात अडकवा, हेडशेल निघत असेल तर काढूनच ठेवा. टेबलाखाली केबल ओढली जाते, आर्म सुटतो आणि कार्ट्रिजची सुई वाकते. प्लगपेक्षा ती फार महाग पडते.

चिरेपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे केबल कापा. लोक इथे कंजूषपणा करतात, अगदी चिरेला लागून कापतात. तार एका जागी तुटते पण शिणलेली असते बरीच मागेपर्यंत. कापल्यावर उघडं पडलेलं तांबं बघा. ते लालसर चकचकीत असेल तर उत्तम. तपकिरी किंवा काळं असेल तर आणखी थोडं मागे कापा, कारण काळं तांबं सोल्डर धरत नाही, गोळी वर तरंगत राहते. मागे मागे जाऊनही काळंच निघत असेल तर नवा प्लग लावण्यात अर्थ नाही, केबलच बदलावी लागेल. त्याबद्दल पुढे येतोच.

बाहेरचं आवरण बारा ते पंधरा मिलिमीटर सोला. ब्लेड आवरणावर गोल फिरवून हलकी रेघ मारायची आणि मग वाकवून आवरण चिरू द्यायचं. ब्लेड आरपार गेलं की शील्डच्या निम्म्या तारा तिथेच कापल्या जातात आणि उरलेल्या निम्म्यांवर आपण पुढचं सगळं बांधकाम करतो. आत काय आहे ते नीट बघा. विणलेली जाळी असेल तर ती टोकदार वस्तूने उसवून एका बाजूला घ्या. आतल्या गाभ्याभोवती नुसत्या गुंडाळलेल्या तारा असतील तर काम आणखी सोपं. काही केबलमध्ये जाळी आणि आतलं इन्सुलेशन यांच्यामध्ये काळ्या प्लॅस्टिकचा एक पातळ थर सापडतो. गिटारच्या केबलमध्ये तो हमखास असतो. दिसायला इन्सुलेशनसारखा असला तरी तो कार्बन मिसळलेला, वीज वाहणारा असतो. तो मधल्या तारेपासून काही मिलिमीटर मागे सोलला नाही तर सिग्नल हळूच शील्डमध्ये गळतो आणि ती बाजू दबलेली वाजते. आणि तारेत कापसाचा दोरा आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची पट्टी निघाली तर सरळ केबल बदला. ती सोल्डर करण्याची खटपट नवख्याने करू नये.

प्लग कुठला घ्यावा यावर फार वेळ घालवू नका. धातूचं बाहेरचं कवच, आतलं इन्सुलेशन उष्णतेला टिकणारं, शक्यतो टेफ्लॉनचं, आणि केबल पकडणारी व्यवस्था नीट, एवढं असलं की पुरे. सोनेरी मुलामा काळवंडत नाही हा त्याचा खरा फायदा, आवाज सुधारतो वगैरे जाहिरातवाल्यांचं बोलणं. केबल ज्या जाडीची आहे त्या जाडीचं तोंड असलेला प्लग मात्र बघून घ्या. टर्नटेबलच्या मूळ केबल बऱ्याचदा बारीक असतात आणि जाड तोंडाच्या प्लगमध्ये त्या खुळखुळतात. तिथे केबलवर श्रिंक स्लीव्हचे (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचे) एक-दोन थर चढवून जाडी वाढवता येते. स्क्रूने आवळायचे, सोल्डर न लागणारे प्लग तात्पुरते ठीक आहेत. मिलिव्होल्टच्या सिग्नलला मी ते कायमचे लावत नाही, स्क्रू हळूहळू ढिले होतात.

सोल्डरिंगच्या आधी प्लगचं कवच आणि श्रिंक स्लीव्ह केबलवर ओवा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही अनुभवी माणूससुद्धा एखादा सुंदर डाग घालून झाल्यावर टेबलावर पडलेल्या कवचाकडे बघत बसतो.

सोल्डर रोझिन गाभ्याची घ्या, ६०/४० किंवा ६३/३७ (कथील आणि शिशाचं प्रमाण). नंतरची जात १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, त्यामुळे हलून डाग बिघडण्याचा धोका कमी. शिसं नसलेली सोल्डरही चालते, तिला २२० अंशांच्या आसपास वितळावं लागतं, म्हणजे हात थोडा जलद हवा. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट इथे अजिबात नको, ती तांबं आतून खात राहते. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. टोक सुईसारखं बारीक नको, छिन्नीसारखं चपटं हवं. याचं कारण शील्ड.

मधल्या पिनेचा डाग सोपा असतो. तिथे धातू कमी, चटकन तापतो. आतलं इन्सुलेशन चार-पाच मिलिमीटर सोला, तारा पिळून घ्या, त्यांना सोल्डरचा पातळ थर द्या, पिनेच्या पोकळीत थोडी सोल्डर आधीच भरा, मग दोन्ही एकत्र तापवून तार आत सरकवा. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. जास्त वेळ टेकवलं तर केबलचं पॉलिइथिलिन इन्सुलेशन मऊ होऊन मागे सरकतं आणि मधली तार उघडी पडते. स्वस्त प्लगमध्ये पिनेभोवतीचं प्लॅस्टिक वितळून पिन तिरकी होते. यावर सोपा उपाय आहे: प्लग एखाद्या सुट्या फीमेल सॉकेटमध्ये खोचून ठेवा आणि मग सोल्डर करा. सॉकेट उष्णता ओढून घेतं आणि पिन सरळ धरून ठेवतं. हे सॉकेट सुटंच हवं, अँपच्या मागचं नको.

आता शील्ड. प्लगचा बाहेरचा भाग पितळेचा आणि मधल्या पिनेच्या मानाने कितीतरी वजनदार असतो. बारीक टोकाने तो तापतच नाही. सोल्डर वितळते, पसरल्यासारखी दिसते, पण पितळेला धरत नाही. नुसती वर बसते. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. असा डाग पहिल्या दिवशी मीटरवर उत्तम कंटिन्युइटी दाखवतो. काही महिन्यांनी प्लग दोन-चार वेळा काढघाल झाला, की तो सुटतो आणि घूं परत येते. म्हणून पितळेच्या ज्या पट्टीवर शील्ड जोडायचं, तिचा मुलामा बारीक पॉलिश पेपरने किंवा कानसीने घासा, तिथे आयर्न थोडा जास्त वेळ टेकवून सोल्डरचा पातळ थर आधी एकटाच बसवा. सोल्डर पट्टीवर पाण्यासारखी पसरली, कडेला चपटी झाली, तर ती धरली. गोळीसारखी फुगून राहिली तर नाही. शील्डच्या तारा सैलसर पिळून त्यांनाही वेगळा थर द्या. मग दोघांना एकत्र आणा, टोक टेकवा, वितळल्यावर आयर्न काढा आणि गार होईपर्यंत हात हलवू नका. फुंकर मारू नका. डाग गुळगुळीत दिसला पाहिजे. शिसं असलेल्या सोल्डरचा तो चमकतो, शिसं नसलेल्याचा जरा मळकट दिसतो, त्याची काळजी नको.

शील्डची शेपटी आणि मधली तार यांच्या लांबीतही एक मेख आहे. केबल ओढली गेली तर ताण आधी केबल पकडणाऱ्या चिमट्यावर आला पाहिजे, मग शील्डवर, आणि मधल्या तारेवर शक्यतो कधीच नाही. त्यामुळे मधली तार किंचित जास्त लांब, अगदी हलकासा बाक येईल इतकी ठेवा. प्लगच्या मागच्या दोन पत्र्याच्या कळ्या, म्हणजेच हा चिमटा, केबलच्या बाहेरच्या आवरणावर दाबायच्या असतात, उघड्या जाळीवर नाही. आणि त्या जीव खाऊन आवळायच्या नसतात. फार आवळल्या तर पत्र्याची कड आवरण फोडून जाळीला आतल्या तारेपर्यंत ढकलते. हा शॉर्ट लगेच कळत नाही, केबल उन्हात किंवा अँपच्या उष्णतेत मऊ झाल्यावर कळतो. शेवटी जाळीची एखादी सुटी तार उभी राहिलीय का ते भिंगातून बघा. केसाएवढी एक तार मधल्या पिनेला टेकली तरी ती बाजू मुकी होते. मधल्या डागावर श्रिंक स्लीव्ह सरकवून गरम हवेने आवळून घेतली की ही भीती जाते.

कवच चढवण्याआधी मीटर पुन्हा लावा. पिनेपासून आर्मच्या संपर्कापर्यंत आणि बाहेरच्या कड्यापासून त्याच्या परतीच्या संपर्कापर्यंत एखाद-दोन ओहमच्या आत रोध, हेडशेल काढलेलं असताना पिन आणि कडं यांच्यात काहीच नाही, डावं आणि उजवं यांच्यात काहीच नाही. मग मान वाकवून पुन्हा एकदा. रेगाच्या जुन्या आर्मवर काम करत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्यांना वेगळी अर्थ तार नसते, आर्मच्या नळीचं अर्थिंग डाव्या केबलच्या शील्डमधूनच होतं. तिथे डाव्या प्लगचं शील्ड अर्धवट जोडलं गेलं, तर आर्मला बोट लावल्यावर गुणगुण वाढते किंवा कमी होते आणि माणूस उगाच मोटर शोधत बसतो. डाव्या शील्डपासून आर्मच्या धातूपर्यंत कंटिन्युइटी बघितली की शंका मिटते.

प्लग अँपमध्ये घालताना अँप बंदच असू द्या. आरसीएच्या रचनेतच एक खोट आहे: मधली पिन आधी टेकते, शील्ड नंतर. चालू अँपवर त्या क्षणभरात स्पीकरमधून जो दणका निघतो तो वूफरला झेपेलच असं नाही. चालू केल्यावर सुई रेकॉर्डवर न ठेवता आवाज हळूहळू वाढवत जा आणि फक्त गुणगुण ऐका. नेहमीच्या ऐकण्याच्या पातळीला खुर्चीवरून ती ऐकू येता कामा नये. मग एखादी मोनो रेकॉर्ड लावा. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तो कुठेच नीट ठरत नसेल आणि खर्जही पातळ वाटत असेल, तर हेडशेलवर एका बाजूच्या तारा उलट लागल्यात का ते बघा. तपासणीच्या वेळी तिथे हात गेला असेल तर हे होतं.

अख्खी केबल बदलायची वेळ कधी येते? तांबं आतपर्यंत काळं पडलं असेल, आवरण चिकट किंवा कडक होऊन जागोजागी तडकत असेल, किंवा केबल टर्नटेबलच्या पेटीतून जिथे बाहेर पडते तिथेच तुटली असेल तेव्हा. इथे जाड, भारदस्त केबलचा सोस आवरा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला केबलच्या रोधाने नाही, तिच्या धारितेने (कपॅसिटन्सने, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणाने) फरक पडतो. व्हीएम९५ईला १०० ते २०० पिकोफॅरड एवढाच एकूण भार हवा, २एम रेडला १५० ते ३००. त्यात केबल, आर्ममधली तार आणि प्रीअँप सगळं आलं. व्हीएम९५ईच्या कॉइलचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे आणि ते केबलच्या धारितेशी मिळून एका ठरावीक स्वराला सिग्नल उसळवतं, यालाच विद्युत अनुनाद म्हणतात. २०० पिकोफॅरडला हा अनुनाद १५ किलोहर्ट्झच्या पुढे राहतो, तर ४०० पिकोफॅरडला ११ किलोहर्ट्झच्या खाली उतरतो. म्हणजे झांजेचा आवाज आधी टोचू लागतो आणि त्याच्या वरचं सगळं गायब होतं. तेव्हा दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड किंवा त्याहून कमी धारितेची, बारीक आणि लवचीक शील्डेड केबल घ्या, आणि लागेल तेवढीच लांब ठेवा. लिन एलपी१२ किंवा थोरेन्स टीडी १६० सारख्या स्प्रिंगवर तोललेल्या टर्नटेबलमध्ये लवचीकपणाला आणखी एक कारण आहे. ताठ केबल तरंगता भाग एका बाजूला ओढून धरते आणि स्प्रिंगांचं काम बिघडवते.

टेक्निक्स एसएल-१२००एमके२ मध्ये केबल बदलायला खालचं जड रबरी बूड बरेच स्क्रू काढून उतरवावं लागतं. आर्मच्या खाली एका छोट्या पट्टीवर केबलच्या तारा आणि आर्मच्या बारीक तारा एकत्र येतात. उघडल्याबरोबर रंगांचा फोटो काढा. आर्मच्या तारांचा डाग शक्यतो उकलू नका, त्या इतक्या बारीक असतात की एकदा तुटल्या तर काम दसपटीने वाढतं. ट्रान्सफॉर्मर याच पेटीत आहे, म्हणून नवी केबल त्याच्यापासून लांबून फिरवा आणि बाहेर पडते तिथे आतून घट्ट बांधा, नाहीतर पुढच्या ओढीचा ताण थेट त्या छोट्या पट्टीवर येईल. एवढं उघडलंच आहे तर मागे आरसीए सॉकेटची जोडी बसवण्याचा मोह होतो. मला तो मान्य आहे, पुढच्या वेळी फक्त बाहेरची केबल बदलावी लागते. २०१९ च्या एमके७ मध्ये कंपनीनेही केबल काढती ठेवलीय. पण जुन्या पेटीला भोकं पाडणं ज्यांना खटकतं त्यांनी मूळ पद्धतच ठेवावी.

तुमच्या प्लगची चीर मानेपाशी आहे, त्यामुळे काढताना त्याची मधली पिन तुटून अँपच्या सॉकेटमध्ये अडकण्याचा धोका आहे. प्लग काढताना केबल ओढू नका, प्लगची बाहेरची रिंग पकडून हलकासा पीळ देत सरळ मागे घ्या. तरीही पिन आत राहिलीच, तर अँपची वायर भिंतीतून काढा आणि टोकदार नोज प्लायरने किंवा बारीक चिमट्याने ती बाहेर खेचा. गोंदाच्या थेंबाने चिकटवून ओढण्याची युक्ती बरेच जण सुचवतात. गोंद सॉकेटच्या पाकळ्यांवर गेला तर ते सॉकेटच बदलावं लागतं, म्हणून मी ती वापरत नाही. पिन चिमट्यात येतच नसेल तर अँपचं झाकण उघडून सॉकेट आतल्या बाजूने बघता येतं, पण अँपच्या आतले मोठे कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले असतात. ते कसे रिकामे करायचे हे माहीत नसेल तर तेवढं काम दुरुस्तीवाल्याकडे द्या.